स्मृतिभ्रंश : आजार कोणाचा, सेवा कोणाला?

१

माझ्या आईने आयुष्यात एकच परीक्षा दिली, तीही वयाच्या ६८ व्या वर्षी, शहरातल्या एका दवाखान्यात. डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलाने तिच्यापुढे कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हटले, “आजी, एक वाक्य लिहा.” आईने पेन्सिल उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. मग शंभरातून सात वजा करायचे झाले, उरलेल्यातून पुन्हा सात. मग एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती काढायची झाली. आजची तारीख विचारली, तेव्हा ती म्हणाली, “आज बाजार न्हाई, म्हंजी सोमवार न्हाई.” त्याला हे उत्तर चालले नाही. तीस गुणांच्या परीक्षेत तिला नऊ गुण पडले. फायलीवर ‘तीव्र’ असा शेरा आला.

मी महाविद्यालयात शिकवतो. तासिका तत्त्वावर का होईना, दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिका तपासतो. कोणता प्रश्न विद्यार्थ्याचे ज्ञान तपासतो आणि कोणता प्रश्न त्याचे घर तपासतो, हे मला थोडेफार कळते. आईला त्या कागदावरचे निम्मे प्रश्न तिच्या तिसाव्या वर्षीही आले नसते. मात्र तिसाव्या वर्षी ती वीस बायांच्या खुरपणीचा हिशेब तोंडी ठेवत असे. कोण कोणत्या दिवशी आली, कोणी अर्ध्या दिवसाने गेली, कोणाची उचल किती, हे सारे तिच्या डोक्यात असे आणि शनिवारी पैशा-पैशाचा मेळ लागत असे. एका शनिवारी हा मेळ लागला नाही. पुढच्या शनिवारीही लागला नाही. बाया म्हणाल्या, म्हातारी पैसे खाते. आई रडली. तिचा आजार त्या शनिवारी सुरू झाला होता. आमच्यापैकी कोणालाही तो कळला नाही आणि दवाखान्यातल्या त्या कागदावर त्याविषयी एकही प्रश्न नव्हता.

आई आजारी आहे, यात शंका नाही. परंतु तिने जे गमावले ते त्या परीक्षेने मोजले नाही आणि जे तिला कधी मिळालेच नव्हते ते मात्र तिच्या नावावर वजा केले. या अनुभवाने मला या विषयाकडे वळवले. मी वैद्यकशास्त्राचा माणूस नाही. पण हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही, हे दाखवण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

२

आरंभी आजार समजून घेऊ. डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नव्हे. ताप म्हणजे जसा एक रोग नसतो, त्यामागे हिवताप असेल किंवा विषमज्वर असेल, तसेच हे आहे. स्मरण, विचार, भाषा, निर्णय या शक्ती हळूहळू खचत जातात आणि रोजचे व्यवहार माणसाला एकट्याने करता येत नाहीत, अशा अवस्थेला हे नाव आहे. तिच्यामागे सर्वांत अधिक वेळा, म्हणजे शंभरातल्या ६० ते ७० रुग्णांत, अल्झायमरचा रोग असतो. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने येणारा प्रकार आहे. त्याचे नाते रक्तदाब, मधुमेह आणि पक्षाघात यांच्याशी आहे.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. ती रेल्वेतल्या एका कारकुनाची बायको होती. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी बोलून बारकाईने नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे थर साचले होते आणि पेशींच्या आत तंतूंना पीळ पडले होते. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. पुढे कळले की ही साठण लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून सुरू झालेली असते.

या रोगात नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या उशिरा जातात. कारण नवी आठवण पक्की करणारा मेंदूचा भाग बहुधा प्रथम खचतो. सकाळी जेवलो की नाही हे माझ्या आईला आठवत नाही. मात्र १९७२ चा दुष्काळ तिच्यासमोर उभा असतो. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दुपार झाली की ती अजून विचारते, “सुकडी वाटली का?” शेजारचे हसतात. पण यात विनोद नाही आणि वेडेपणाही नाही. ज्या पेशींवर ती भूक कोरली गेली त्या अजून शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या भाषेने या आजाराला फार पूर्वीच नाव दिले आहे. ते म्हणजे म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हणही आहे. या दोन्हींत एक चूक आहे. म्हातारपण आले की बुद्धी जायचीच, असे त्या गृहीत धरतात. हे खरे नाही. भारतात साठीच्या पुढच्या प्रत्येक शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार आढळतो. याचा अर्थ नव्वदाहून अधिक लोकांना तो नसतो. जे शंभरांतल्या सातांना होते ते वय नव्हे, तो रोग आहे. आणि रोग म्हटला की तपासणी, उपचार आणि सेवा यांचा हक्क येतो. ‘वयच झालं आता’ हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटते, पण व्यवहारात ते हा हक्क नाकारते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असली पाहिजे. विसरणे वाढलेल्या प्रत्येक माणसाला अल्झायमर असतोच असे नाही. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोल उदासीनता, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, झोपेच्या किंवा इतर औषधांचा परिणाम, यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ही कारणे बऱ्याच अंशी उपचाराने दूर होतात. म्हणून पहिले पाऊल देवऋषाकडे पडता कामा नये. ‘काय करायचंय आता’ म्हणत घरी बसूनही चालणार नाही. रक्ततपासणीकडे गेले पाहिजे.

३

आता जगाचे चित्र पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक या आजारासह जगत होते. दरवर्षी सुमारे १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. रुग्णांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने २०५० पर्यंत ही संख्या १५ कोटी २८ लाखांवर जाईल असे अनुमान केले. ही वाढ सर्वत्र सारखी नाही. पश्चिम युरोपात ती ७४ टक्के धरली आहे, तर पूर्व आफ्रिकेत आणि उत्तर आफ्रिका-मध्यपूर्वेत साडेतीनशे टक्क्यांहून अधिक.

श्रीमंतांचा रोग अशी याची एक समजूत आहे. ती या आकड्यांनी मोडते. तिच्यामागचे कारण एवढेच की श्रीमंत देशांत रोगाचे निदान होते. जगात चारांपैकी तीन रुग्णांचे निदानच होत नाही आणि काही गरीब देशांत हे प्रमाण दहांपैकी नऊपर्यंत जाते, असा आंतरराष्ट्रीय अल्झायमर संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. ज्याचे निदान नाही त्याची नोंद नाही. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद नाही. जनगणनेत आणि अंदाजपत्रकात न दिसणारी माणसे कशी जगतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

संशोधनाचेही तसेच झाले. १९९८ साली केरळात कोची येथे काही संशोधक एकत्र आले आणि त्यांनी आपल्या गटाला ‘दहा-सहासष्ट’ असे नाव दिले. नावाचा अर्थ असा, की जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आहेत आणि लोकसमूहांवरचे या रोगाचे संशोधन मात्र दहा टक्केही तेथे होत नाही.

भारतापुरते पाहिले तर २०१७ ते २०२० या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला. २०३६ पर्यंत ते १ कोटी ६९ लाख होतील. याच पाहणीत पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यातही ते अधिक आहे. स्त्री, खेडे आणि निरक्षरता ही तिन्ही विशेषणे एकत्र केली की जी व्यक्ती उभी राहते ती माझी आई आहे आणि बहुधा तुमचीही.

४

येथे एक कठीण प्रश्न उपस्थित होतो. निरक्षरांत हा आजार अधिक आढळतो, म्हणजे नेमके काय? याची दोन उत्तरे आहेत आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत.

पहिले उत्तर मोजमापाचे आहे. माझ्या आईची जी परीक्षा झाली ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. लिहिणे, वाचणे, आकडेमोड, आकृती काढणे यांवर तिचे बरेच गुण आहेत. शाळेत गेलेल्या माणसासाठी ती ठीक आहे. शाळेत न गेलेल्याला ती रोगाआधीच नापास करते. उलट, भरपूर शिकलेला रुग्ण आजार सुरू झाल्यावरही तीत पास होतो. हे ओळखून हरियाणातील बल्लभगढ परिसरात काम करणाऱ्या भारतीय व अमेरिकन संशोधकांनी १९९५ साली या परीक्षेचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. तेथे त्यांनी पुढे पाच हजारांहून अधिक माणसे तपासली आणि त्यांतली जवळजवळ तीन-चतुर्थांश निरक्षर होती. त्यांनी काय केले? ‘एक वाक्य लिहा’ऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला लावले. इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटी म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून डोळे मिटून दाखवले. माणसाची बुद्धी त्याच्या जगण्यातून मोजता येते, हे त्यांनी सिद्ध केले. तीस वर्षे झाली, तरीही कोणी माझ्या आईपुढे पेन्सिल ठेवतो. याचे कारण ज्ञानाचा अभाव हे नाही. समोरच्या बाईने कधी पेन्सिल धरली नसेल, हे त्याच्या मनातच येत नाही, हे खरे कारण आहे.

दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. परीक्षा सुधारली तरी फरक पूर्ण जात नाही. लहानपणी मिळालेले शिक्षण मेंदूत एक शिल्लक तयार करते. पुढे रोगाने काही पेशी मारल्या तरी या शिलकीवर माणूस बराच काळ निभावून नेतो. ज्याची शिल्लक कमी, त्याला तोच घाव लवकर आणि खोल लागतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा धोक्यांची यादी दिली आणि ते सर्व टाळता आले तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील असे म्हटले. त्या यादीत पहिला धोका बालपणी शिक्षण न मिळणे हा आहे. मग बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, अति दारू, डोक्याला मार, उदासीनता, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा, दूषित हवा आणि उपचाराविना राहिलेली दृष्टीची अधूता.

ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्याला शाळा नाकारली, ज्याच्या वस्तीत धूर आहे, ज्याचे कान यंत्राच्या आवाजाने गेले, ज्याचा मोतीबिंदू पिकून गेला आणि ज्याचा रक्तदाब कोणी कधी मोजला नाही, त्या माणसाचे हे वर्णन आहे. विद्या नाकारली की माणसाचे एकामागून एक काय काय जाते, हे जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगितले. त्यांचे म्हणणे समाजाविषयी होते. आज मेंदूचे शास्त्र तेच एका माणसाच्या शरीराविषयी सांगत आहे. वेशीबाहेर ठेवणे पिढ्यांपूर्वी घडले आणि संपले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने हे लक्षात घ्यावे की १९६० च्या दशकात शाळेच्या पायरीवरून परत आलेल्या मुलीच्या मेंदूत ते अजून शिल्लक आहे.

अमेरिकेत हेच वेगळ्या रीतीने दिसते. तेथे वृद्ध कृष्णवर्णीयांत हा आजार वृद्ध गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो. याचे उत्तर वंशात शोधण्याचा प्रयत्न झाला, परंतु रक्तदाब, मधुमेह, दारिद्र्य, भेदभाव आणि विभक्त शाळांतले हलके शिक्षण यांनी तो फरक अधिक नीट उलगडतो. विभक्त शाळा १९५४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरल्या, पण त्या शाळांत शिकलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नव्या औषधांच्या चाचण्यांत मात्र त्यांना अगदी थोडी जागा मिळाली आहे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. ‘निरक्षर म्हणजे दुबळा मेंदू’ असे यातून कोणी काढू नये. हैदराबादच्या संशोधकांनी २०१३ साली ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला आणि निरक्षरांतही हा फरक टिकून होता. बाजारात एक, घरी दुसरी आणि मालकाशी तिसरी भाषा बोलणारा मजूर शाळेत न जाताही मेंदू राबवत असतो. म्हणजे मेंदूला खतपाणी देणारी गोष्ट प्रमाणपत्र नव्हे, संधी आहे. पहिल्या पिढीतल्या आपण पदवीधरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

५

आता सेवेकडे वळू. या आजाराचा जगाला येणारा खर्च २०१९ साली १ लाख ३० हजार कोटी डॉलर होता. यातला जवळपास निम्मा भाग असा आहे की जो कोणालाच पगार म्हणून मिळाला नाही. घरच्या माणसांनी केलेल्या सेवेची ती अंदाजी किंमत आहे. ही सेवा दिवसाला सरासरी पाच तासांची आहे आणि तिचे सत्तर टक्के तास स्त्रिया देतात.

औषधाचे काय? जुनी औषधे काही रुग्णांत काही काळ लक्षणे थोडी सावरतात. रोग थांबवत नाहीत. २०२३ साली अमेरिकेत लेकानेमाब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतली साठण कमी करते आणि अगदी आरंभीच्या रुग्णांत दीड वर्षात घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते. तेथे त्याची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठरली. आपल्या हिशेबाने वीस लाख रुपयांच्या वर. शिवाय दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय, आणि त्याआधी खास तपासण्या. शास्त्राचे हे यश खरे आहे आणि त्याचा मी अव्हेर करणार नाही. पण ज्या तालुक्यात साधी बी-१२ ची तपासणी खासगी प्रयोगशाळेतच होते, तेथे हे यश कोणत्या रस्त्याने पोचणार?

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २००७ चा आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा आहे. वृद्ध आईबापांना टाकून देणाऱ्या मुलाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरतूद चांगली आहे, पण तिचा रोख पाहा. जबाबदारी मुलावर आहे. मूलच ऊसतोडीला गेले असेल तर काय, याचे उत्तर त्यात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाले. ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. हा आजार रुग्णालयात नव्हे, घरात आठ-दहा वर्षे चालतो. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये महिना दीड हजार झाले. त्या पैशात पुण्यात दिवसभराची सेविका दोन-तीन दिवसही मिळत नाही.

आणि ती सेविका कोण असते? आमच्या वस्तीतल्या तिघीजणी पुण्यात अशा कामाला आहेत. बारा-बारा तास परक्या म्हाताऱ्यांना भरवतात, पुसतात, त्यांचे मलमूत्र काढतात. कागद नाही, रजा नाही. काही घरांत त्यांचा कप अजून वेगळा असतो. त्यांच्या स्वतःच्या आया गावात एकट्या आहेत. सेवा अशी खालून वर वाहते आणि सर्वांत खालच्या घरात कोणी उरत नाही. आपल्या समाजव्यवस्थेने माणसाची घाण काढण्याचे काम जन्मावर टाकले आणि मग त्या कामाला व ते करणाऱ्याला हीन ठरवले. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक रुग्णाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, हेच काम करणारे हात लागतात. ज्या समाजात या कामाला प्रतिष्ठा नाही तेथे या आजाराला चांगली सेवा मिळणे शक्य नाही.

यावर मार्ग नाही असे मात्र नाही. शेजारच्या गोव्याचे उदाहरण आहे. तेथे ‘संगत’ या संस्थेशी संबंधित डॉक्टरांनी एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबे निवडली. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी गावपातळीवरची, थोडे प्रशिक्षण दिलेली माणसे सहा महिने नियमित गेली. तज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. त्यांनी आजार समजावला, रुग्णाचा राग, भटकणे, रात्रीचे जागणे यांना कसे सामोरे जावे ते दाखवले, सेवा करणाऱ्या बाईचे म्हणणे ऐकून घेतले, निवृत्तिवेतनाच्या कागदांत मदत केली. परिणाम असा झाला की सेवा करणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय कमी झाला. येथे ना यंत्र लागले ना महाग औषध. आशा कार्यकर्ती गावोगाव आहे. तिला हे शिकवून योग्य मानधन देणे, एवढाच प्रश्न आहे.

जपानचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ ‘मूर्खपणा’ असा होत होता. २००४ साली शासनाने ते नाव अपमानकारक म्हणून काढून टाकले आणि नवे नाव दिले. २००५ पासून दुकानदार, बँकेतले कारकून, शाळेतली मुले यांना दीड तासाचे प्रशिक्षण देऊन ‘आधारदाते’ करण्याची मोहीम सुरू झाली. आज त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. त्याआधी २००० सालीच दीर्घकालीन सेवेचा सक्तीचा विमा आला होता. चाळीशीपासून प्रत्येकजण त्यात पैसे भरतो आणि घरी येणारी सेविका हा वृद्धाचा हक्क ठरतो. श्रीमंत देश आहे, हे खरे. पण नाव बदलायला पैसे लागत नाहीत. आणि नाव बदलणे किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली एक कृती-आराखडा मंजूर केला. २०२५ पर्यंत तीन-चतुर्थांश सदस्य देशांनी या आजाराचे राष्ट्रीय धोरण करावे असे त्याचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही आणि मुदत २०३१ पर्यंत वाढवावी लागली. आपल्याकडे केरळाने २०१४ मध्ये राज्यपातळीवरचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात ही मागणी अजून कोणत्या मोर्चाच्या फलकावर मी पाहिलेली नाही. यात शासनाइतकाच दोष आपलाही आहे. शिक्षण, नोकरी, जमीन, अत्याचार या प्रश्नांवर आपण लढलो आणि ते योग्यच होते. पण ज्या पिढीने आपल्याला शाळेत पाठवले ती पिढी आता घरात बसून आपल्याला ओळखेनाशी होत आहे.

६

शेवटी काही अगदी साध्या गोष्टी. वस्तीत कोणी पैशांचा हिशेब, नेहमीची वाट किंवा रोजचा स्वयंपाक विसरू लागले तर ते चेष्टेवर नेऊ नका, करणीवरही नेऊ नका. तीन-चार महिन्यांत काय बदलले ते घरच्यांना विचारून लिहून काढा आणि तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयात जा. बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासून घ्या. डॉक्टरांना सांगा, ‘यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या जगण्यातले प्रश्न विचारा.’ रुग्णाशी वाद घालू नका. ‘सुकडी वाटली का’ म्हटले तर ‘१९७२ गेलं’ असे सांगून उपयोग नाही, एक भाकरी पुढे करावी. खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळेल अशी पाळी लावा. चाळीशी ओलांडलेल्यांचे रक्तदाब, कान आणि डोळे तपासण्याची शिबिरे १४ एप्रिलला घ्या. यावर मिरवणुकीतल्या एका वाजंत्रीइतकाही खर्च येणार नाही.

हे मी लिहितो आहे, पण हे सारे करते ती माझी थोरली बहीण. आई गावी आक्काजवळ असते. मी तालुक्याच्या गावी असतो, शनिवारी जातो आणि रविवारी परततो. मी पाळण्यात होतो तेव्हा आई खुरपणीला गेली की मला सांभाळायला घरी कोणी नव्हते. म्हणून आक्काची शाळा चौथीत सुटली. मी एम. ए. झालो. गेल्या महिन्यात मी घरात शिरलो तेव्हा आईने डोक्यावरचा पदर सावरला, बाजेवरून उठून उभी राहिली आणि म्हणाली, “या सायेब.” मुलगा विसरला गेला होता. पँट घातलेला माणूस दिसला की उठून उभे राहायचे, हे मात्र ती विसरली नव्हती. आक्काने तिला हाताला धरून खाली बसवले.

रात्री भांडी घासताना आक्काने विचारले, “मला बी हुईल का रं हे?”

त्या यादीतला पहिला धोका माझ्या डोळ्यांसमोर आला. तो तिच्या वाट्याला माझ्यामुळे आला होता. मी तिला खरे तेच सांगितले. होईलच असे नाही. शाळा आता परत देता येत नाही, पण रक्तदाब, साखर, कान, डोळे हे हातात आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला उपकेंद्रात नेले. रक्तदाब वाढलेला निघाला. तो किती वर्षे वाढलेला होता हे कोणालाच सांगता आले नाही, कारण तो यापूर्वी कोणी मोजलाच नव्हता. आता गोळी सुरू आहे.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अशी एक आक्का आहे. ती काय विसरू लागली आहे, हे विचारण्याआधी तिला काय नाकारले गेले, हे आपण आठवू या. आणि निदान तिचा रक्तदाब मोजून घेऊ या.